नाताळच्या ताटांची वही : कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

आज कामाला हात घातला. दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. काल ताईनं तिच्या सासूबाईंच्या कार्डाचा फोटो पाठवला आणि मग थांबवेना.

ताई म्हणजे माझी आत्तेबहीण. लग्न होऊन पोलंडला गेली, त्याला अठरा वर्षं झाली. तिच्या सासूबाई मार्चमध्ये गेल्या. २४ डिसेंबरच्या रात्रीचं सगळं जेवण त्यांच्या डोक्यात असायचं. कागदावर मागे राहिलं ते हे एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. वर निळ्या शाईत बारा पदार्थांची नावं आणि खाली बिटाच्या आंबवणाबद्दल एकच ओळ : बीट, लसूण, मीठ, पाणी, आंबट होईपर्यंत. किती बीट, किती पाणी, किती दिवस, काही नाही. त्यांना ठाऊक होतं, लिहायची गरजच पडली नाही.

वहीचा आराखडा असा. वेगवेगळ्या देशांतली घरं, प्रत्येक घराला दोन पानं. डाव्या पानावर काय रांधतात, उजव्या पानावर कोण, केव्हा, कसं. ओळखीपाळखीतून चौदा घरांनी होकार दिला आहे. कुणाचंही नाव छापायचं नाही. १५ डिसेंबरला वही तयार हवी, म्हणजे नाताळाआधी त्या त्या घरी पोचेल.

२० ऑक्टोबर

नऊ घरांची उत्तरं आली. वाचून मन खट्टू झालं.

चूक माझीच. प्रश्नावलीत विचारलं होतं, ‘नाताळला तुमच्याकडे काय करता?’ त्यावर प्रत्येकानं देशाचं ठरलेलं ताट लिहून दिलं. इंग्लंडहून : टर्की, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स, पुडिंग. डेन्मार्कहून : बदक किंवा डुकराचं भाजलेलं मांस, साखरेच्या पाकात घोळवलेले बटाटे, लाल कोबी. सगळं खरं आहे, पण हे कुठल्याही मासिकाच्या डिसेंबर अंकात सापडेल. यात घर कुठे आहे?

ताईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, काय करता असं नको विचारूस. चार वाजता कोण काय करत असतं ते विचार.”

नवी प्रश्नावली, तीनच प्रश्न. एक : २४ तारखेला दुपारी चार वाजता तुमच्या स्वयंपाकघरात कोण असतं आणि त्यांच्या हातात काय असतं? दोन : कुठला पदार्थ कुणालाच फारसा आवडत नाही, तरी होतोच? तीन : कशावरून वाद होतो?

२८ ऑक्टोबर

आता उत्तरं बोलू लागली.

व्हेनेझुएलाच्या घराला चार वाजताचा प्रश्न लागूच पडला नाही. त्यांची खरी गडबड आठवडाभर आधी असते. आयाका करायला सगळं घर टेबलाभोवती एका रांगेत बसतं. मक्याचं पीठ अनाट्टोच्या बियांनी केशरी रंगवलेलं, आत गाय, डुक्कर आणि कोंबडीच्या मांसाचं शिजवलेलं सारण, वर ऑलिव्ह, बेदाणे, केपर. केळीच्याच जातीतल्या प्लँटेनच्या पानात गुंडाळून सुतळीनं बांधायचं आणि उकडायचं. एकजण पानं पुसतो, एकजण पीठ थापतो, एकजण सारण घालतो, एकजण बांधतो. त्या घरात सुतळी बांधायचं काम आजोबांचं होतं. गेल्या वर्षापासून ते तेरा वर्षांच्या नातवाकडे आलं. त्यानं स्वतःच उत्तर लिहिलंय : गाठ सैल राहिली तर पाणी आत शिरतं आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. आपल्या आईची आयाका सगळ्यांत चांगली, हे वाक्य तिथं म्हणीसारखं बोललं जातं, असंही त्यानं खाली जोडलंय.

जर्मनीच्या घरात चार वाजता स्वयंपाकघर रिकामं असतं. बटाट्याचं सॅलड आदल्या दिवशीच करून मुरत ठेवलेलं. सॉसेज गरम पाण्यात दहा मिनिटांचं काम. २४ ला दुपारपर्यंत दुकानं उघडी, मग झाड सजवायचं, मग चर्च, म्हणून रात्री हलकं जेवण. हंस, लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे हा थाट २५ च्या दुपारचा. त्यांचा वाद मेयोनीजचा. उत्तरेकडच्या आजीला सॅलडमध्ये ते हवंच, दक्षिणेकडच्या आजीला तेल, व्हिनेगर आणि मांसाचं गरम पाणी. गेली बावीस वर्षं दोन वाडगे होतात.

डेन्मार्कचं ताट आता कुठे जिवंत झालं. जेवणानंतर तांदळाची थंड खीर, साय घोटून घातलेली, वर चेरीचा गरम रस. खिरीत एकच अख्खा सोललेला बदाम, बाकीचे चिरलेले. अख्खा बदाम ज्याच्या वाट्याला येईल त्याला बक्षीस. ज्याला मिळतो तो गालात लपवून गप्प बसतो आणि बाकीच्यांना भांडं संपेपर्यंत खायला लावतो. त्या घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं विचारलंय, बदाम चुकून चावला गेला तर बक्षीस मिळतं का? वडलांनी खाली लिहिलंय : मिळतं.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे न आवडणाऱ्या पदार्थाला, सर्वांत प्रामाणिक उत्तर नॉर्वेचं. लुटेफिस्क. वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग अल्कलीच्या द्रावणात, मग पुन्हा कितीतरी दिवस पाण्यात भिजवून फुगवायचा. शिजल्यावर जेलीसारखा थरथरतो. घरात तो फक्त आजोबा खातात. बाकीचे बरगड्या खातात आणि आजोबांच्या ताटात मटार, बेकन वाढून देतात. ते पान मी दोनदा वाचलं.

३ नोव्हेंबर

वहीची मांडणी मोडली.

आतापर्यंत देशांच्या नावानं विभाग केले होते. त्यामुळे पोलंड आणि लिथुएनिया शेजारी असूनही एकमेकांना पाठ करून बसल्यासारखे वाटत होते. आज सगळी उत्तरं जमिनीवर पसरून घड्याळाप्रमाणे लावली. एकदम चित्र उघडलं. नाताळच्या जेवणाचं पहिलं कारण स्वयंपाकघरात नसतं, ते उपासात असतं. उपास कधी सुटतो यावर ताट ठरतं.

२४ तारखेची रात्र जुन्या चर्चच्या नियमात उपासाची. म्हणून पोलंड, लिथुएनिया, युक्रेन, बल्गेरिया या सगळ्यांचं रात्रीचं जेवण मांसाविना. म्हणूनच मासे, मशरूम, कोबी, खसखस, सुकी फळं, मध. दक्षिण इटलीत त्या रात्री मासेच मासे, नेपल्सला ईलसुद्धा. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत २४ तारखेचं हे बंधन उरलं नाही. तरी पोलंडमधल्या माझ्या घरानं त्या रात्री मांस शिजवलेलं नाही. नियम गेला, ताट राहिलं.

फ्रान्समध्ये मोठं जेवण मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर. त्याचं नाव रेवेयाँ, मुळात जागं राहण्यावरून आलेलं. उपास बाराला संपला की ऑयस्टर, चेस्टनट भरलेला कोंबडा, लाकडाच्या ओंडक्यासारखा गुंडाळलेला केक. हल्ली बरीच घरं ते रात्री आठ-नऊलाच उरकतात, आमच्या फ्रेंच घरासह. पण पदार्थांवर उपास सुटल्याचा आनंद अजून दिसतो.

आणि इंग्लंडचं जेवण २५ च्या दुपारचं. त्या वेळेला उपासाचा काही संबंध उरत नाही, म्हणून ताट सुरुवातीपासूनच भरगच्च.

नवे विभाग : ‘पहिला तारा’, ‘मध्यरात्र’, ‘दुपार’, ‘दुसरा दिवस’. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरोबर. आमच्याकडे मुलं खिडकीत उभी असतात. तारा दिसल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही.” ढग असले तर? “तर सासरे सांगतात, दिसला म्हणून.”

९ नोव्हेंबर

आंबवणाचा पहिला प्रयोग. ताई तिच्या ओट्यावर, मी माझ्या. झाक्वास म्हणतात त्याला, आणि यावरच बीटचं ते लाल सूप, बार्श्च, उभं राहतं.

एक किलो बीट सोलून जाड चकत्या, दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी, दीड मोठा चमचा मीठ, पाच पाकळ्या लसूण, ऑलस्पाइसचे तीन दाणे, लॉरेलचं पान. काचेची बरणी, वर कापड.

१३ नोव्हेंबर

माझं फुकट गेलं. चकत्या वर तरंगल्या, उघड्या राहिल्या आणि त्यांवर हिरवट लव आली. सगळं टाकलं. पांढरा फेस आला तर तो चमच्यानं काढून पुढे जाता येतं, पण रंगीत, केसाळ बुरशी आली की वाचवायला जाऊ नये. पुढच्या वेळी वरून बशी आणि तिच्यावर पाण्याची छोटी बाटली वजन म्हणून. भाजी पाण्याखाली राहिली पाहिजे, आंबवणाचं सगळं तिथेच आहे.

ताईचं टिकलं, पण पाचव्या दिवशीही नुसतं खारट. तिच्या स्वयंपाकघरात १९ अंश. तिनं विचारलं, “सासूबाई बरणी कुठे ठेवायच्या गं? मला आठवतच नाही.” मला कसं ठाऊक असणार. पण तिनं मला विचारलं नव्हतंच.

१७ नोव्हेंबर

श्टोलेनचं पान लिहिलं. हे पान मला सगळ्यांत आवडलं, कारण त्यात उपासाचा इतिहास पिठात मळलेला आहे.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा हा नाताळचा पाव. नाताळाआधीचा आगमनकाळही पूर्वी उपासाचा, त्यामुळे लोणी आणि दूध वर्ज्य. पीठ, यीस्ट, पाणी आणि तेल, एवढ्यावर पाव व्हायचा आणि तो कोरडा, बेचव लागायचा. तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केले. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याला परवानगी देणारं पत्र पाठवलं. त्या पत्राला लोण्याचं पत्र असंच म्हणतात. आजचा श्टोलेन म्हणजे लोणी, रममध्ये भिजवलेले बेदाणे, पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल, बदाम. भाजून निघाल्या निघाल्या वितळलेलं लोणी माखायचं, वर पिठीसाखरेचा जाड थर. तो दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसावा, असं घरातली मोठी माणसं सांगतात. नंतर गुंडाळून दोन-तीन आठवडे गार जागी मुरवायचा. म्हणजे जर्मन घराचं नाताळचं काम नोव्हेंबरातच सुरू.

इटलीच्या पानेत्तोनेला, म्हणजे तिथल्या नाताळच्या गोड पावाला, छोटी चौकट दिली. २००५ च्या इटालियन सरकारी आदेशानुसार पानेत्तोने हे नाव लावायचं तर लोणी किमान १६ टक्के आणि बेदाणे व पाकवलेली साल मिळून किमान २० टक्के हवीत. भाजल्यावर तो उलटा टांगून गार करतात, नाहीतर घुमट खाली बसतो. मिलानच्या घरात तो आयता आणतात. घरी करायचा म्हटला तर दोन दिवस आणि जिवंत आंबवण लागतं. आयता आणतो हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, बरं वाटलं. वहीत ते तसंच राहील.

२४ नोव्हेंबर

आज इंग्लंडात पुडिंग ढवळायचा रविवार. आगमनकाळ सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार, या वर्षी आजच. त्या दिवशीच्या प्रार्थनेची सुरुवात १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात ‘ढवळून जागं कर, हे प्रभो’ अशी आहे. प्रार्थना माणसांच्या मनांसाठी होती. बायका ती ऐकून घरी आल्या आणि पुडिंग ढवळायला घेतलं. त्या घरच्या आजीबाईंनी व्हिडिओ कॉलवर मला सोबत घेतलं.

मनुका, बेदाणे, काळ्या मनुका, पावाचा चुरा, गडद साखर, अंडी, सुएट (गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, शाकाहारी पर्यायही मिळतो), जायफळ, दालचिनी, ब्रँडी. घरातला प्रत्येकजण एकदा ढवळतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या आठवणीत, आणि मनात काहीतरी मागतो. आजीबाईंनी आमच्या मांडणीत नसलेला एक तपशील सांगितला. त्यांचा धाकटा मुलगा दूर राहतो, म्हणून त्याच्यासाठी त्या लाकडी चमचा एकदा डाव्या हातानं फिरवतात. तो डावखुरा आहे.

मग घट्ट बांधून आठ तास वाफवायचं, महिनाभर अंधारात ठेवायचं, नाताळच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफ. भांड्यातलं पाणी संपू द्यायचं नाही, दर तासाला उकळतं पाणी घालायचं. गार पाणी घातलं तर वाफ तुटते. नाणं टाकायचं असेल तर कागदात गुंडाळून, आणि वाढताना सांगून.

१ डिसेंबर

आकड्यांचं पान. पोलंडला बारा पदार्थ, बारा प्रेषितांसाठी. लिथुएनियातही बारा, त्यांत खसखशीच्या दुधात भिजवलेली इवली कडक बिस्किटं. युक्रेनमध्ये बारा, सुरुवात मध-खसखशीत कालवलेल्या शिजवलेल्या गव्हानं. बल्गेरियात पदार्थ विषम संख्येत, सात, नऊ, अकरा. जेवण झाल्यावर टेबल रात्रभर आवरत नाहीत. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात तेरा गोड पदार्थ, येशू आणि बारा शिष्य. त्यांतले चार म्हणजे सुकं अंजीर, बदाम, बेदाणे आणि अक्रोड किंवा हेझलनट, चार भिक्षू संघांची आठवण. ऑलिव्हच्या तेलाचा पाव मात्र हातानं मोडायचा, सुरी लावायची नाही. पदार्थ जुने असले तरी तेराचा आकडा विसाव्या शतकात पक्का झाला. इटलीहून अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांत सात माशांची मेजवानी, आणि हे ‘सात माशां’चं नाव अमेरिकेतच रुजलं. इटलीच्या माझ्या घराला विचारलं, तर त्यांना सातचा हिशोब ठाऊकच नव्हता.

मला वाटत होतं आकडा ठरला की वाद संपला. छे. प्रत्येक घरात मोजणीचंच भांडण. पाव धरायचा का? सुक्या फळांचं पाणी पदार्थ की पेय? ताईच्या सासऱ्यांच्या मते मीठसुद्धा मोजायचं. सासूबाई मीठ मोजू द्यायच्या नाहीत, असं ताई म्हणाली आणि मग थोडा वेळ गप्प राहिली. आता मोजणार कोण, हे दोघींनाही एकदमच सुचलं असावं.

७ डिसेंबर

तारखांची चौकट. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला. जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी साजरे करायची फार जुनी रीत त्यांनी सोडली नाही. मासा, बेदाण्यांचा भात, पालक. रशिया, सर्बिया, जॉर्जिया यांचं चर्च जुन्या ज्युलियन पंचांगावर, सध्या तेरा दिवसांचा फरक, म्हणून ७ जानेवारी. युक्रेननं २०२३ मध्ये कायदा करून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली. आमच्या युक्रेनी घरात आजी अजून ७ लाही गहू शिजवते, म्हणजे दोन्हीकडे.

लेबनॉनचं घर यादीत नव्हतं, उशिरा आलं. त्यांचं पान लहान आहे, पण वहीत पहिलं घालायचं ठरवलं. तांदळाच्या पिठाची तपकिरी खीर, शहाजिऱ्यासारखं कॅरावे, बडीशेपेच्या जातीतलं अनीस, दालचिनी, वर भिजवलेले बदाम-अक्रोड. मेघ्ली. एरवी ही खीर घरात बाळ जन्मलं की करतात, भेटायला येणाऱ्यांना वाढायला. नाताळला करतात कारण बाळ जन्मलंय. ढवळायला तास लागतो आणि चमचा थांबला की तळाला लागते. बाईंनी लिहिलंय, माझ्या तिन्ही मुलांच्या वेळी सासूनं ढवळली, आता डिसेंबरात मी तिच्यासाठी ढवळते.

१२ डिसेंबर

वेळेचं पान, कारण घरांनी मागितलं. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये वितळवायला किलोमागे दहा ते बारा तास धरावेत. पाच किलोच्या पक्ष्याला अडीच दिवस, म्हणजे २२ ला काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. कच्चा पक्षी नळाखाली धुवायचा नाही, शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू पसरतात. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवेपर्यंत भाजायचं. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. टर्की ओव्हनमधून बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकून ठेवायची, त्या वेळात ओव्हन बटाट्यांना मोकळा मिळतो.

ऑस्ट्रेलियाच्या घरानं यावर लिहून पाठवलं : आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, आम्ही कोळंबी आणि हॅम गारच खातो आणि ओव्हन सकाळी आठला बंद करतो. त्यांचं पान तसं छोटंच राहणार.

१५ डिसेंबर

इथिओपियाचं पान सोडून वही पूर्ण झाली. पंधरा घरं, ३४ पानं. जपानचं पान शेवटच्या क्षणी घेतलं. तिथं नाताळला सुट्टी नसते. १९७४ पासूनच्या केएफसीच्या जाहिरात मोहिमेमुळे तळलेल्या कोंबडीचा डबा आणि स्ट्रॉबेरीचा क्रीमकेक ही घरोघरची रीत झाली. हे ‘परंपरा’ म्हणून घ्यावं का, यावर दोन दिवस घातले. त्या घरातली मुलगी आता चाळिशीची आहे. २४ ला ऑफिसातून परतताना वडील तो डबा आणायचे आणि कोटाला त्याचा वास यायचा, असं तिनं लिहिलंय. घेतलं.

१६ डिसेंबर

फिलिपिन्सच्या घराचा निरोप : आज पहाटे चारला पहिली मिस्सा झाली. १६ ते २४, नऊ पहाटा. शेतावर जायच्या आधी लोकांना चर्चमध्ये येता यावं म्हणून ती पहाटेची. बाहेर आल्यावर बिबिंगका, तांदळाच्या पिठाचा केक, केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला. त्यांनी फोटो पाठवला, पण धुरात काही दिसत नाही. तरी मी तो वहीच्या मागच्या पानावर लावला.

ताईनं आज तिसरी बरणी लावली. दुसरी चांगली झाली होती. १९ अंशांत सहाव्या दिवशी आंबट, बुडबुडे थांबलेले, रंग काळपट लाल. म्हणजे आज लावली की २२ ला गाळायची. माझी दुसरी चौथ्याच दिवशी झाली, माझ्या ओट्याला ऊब जास्त.

मध्यंतरी एक गोष्ट कळली. ताईच्या नणंदेनं सांगितलं, बरणी जिन्याखालच्या कपाटात असायची, बुटांच्या वर. सासूबाईंनी ती कधी कुणाला दाखवली नाही, कारण बुटांजवळ जेवणाची वस्तू ठेवलेली लोकांना आवडली नसती. ताईनं तिसरी बरणी तिथेच ठेवली आहे.

२४ डिसेंबर

रात्री साडेदहाला ताईचा फोन. मागे भांड्यांचा आवाज.

पांढऱ्या चादरीखाली गवत ठेवलं. ओप्वातेक, तो पातळ वेफर, सासऱ्यांनी सगळ्यांबरोबर मोडून वाटला, प्रत्येकाला एकेक शुभेच्छा म्हणत. अनपेक्षित पाहुण्यासाठीचं रिकामं ताट मांडलं. दरवर्षीचंच ते ताट. या वर्षी धाकट्यानं विचारलं, ते आजीसाठी का? सासरे म्हणाले, जो येईल त्याच्यासाठी.

सूप झालं. सुक्या मशरूमचं पाणी घातलं, आंबवण अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळू दिलं नाही. उकळलं की लाल रंग विटतो, हे तिला दुसऱ्या बरणीवर कळलं होतं. आत मशरूमचं सारण भरलेल्या इवल्या घड्या, उश्का, म्हणजे छोटे कान. मुडपायला थोरली मुलगी बसली होती, चौसष्ट केल्या.

“चव?” मी विचारलं.

“सासरे काही बोलले नाहीत. दुसरं वाडगं मागितलं.”

बारा पदार्थ कसे मोजले, तेही विचारलं. मीठ मोजलं नाही म्हणाली.

२६ डिसेंबर

‘दुसरा दिवस’ विभागासाठी सहा घरांचे फोटो आले. इंग्लंडचं घर उरलेले बटाटे आणि स्प्राउट्स ठेचून तव्यावर खरपूस परतत आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या घरी काल मांसाच्या पाण्यातलं तोर्तेल्लीनी (सारण भरलेला इवला पास्ता) होतं, आज त्याच पाण्यात भात. जर्मन घरी दोन्ही वाडगे रिकामे, आणि दक्षिणेचं आधी संपलं असं ठळक अक्षरांत. दुसऱ्या आवृत्तीत हा विभाग वाढवायचा. घरातली माणसं २५ पेक्षा २६ ला जास्त निवांत बसून खातात, हे प्रत्येक फोटोत दिसतंय.

आजीबाईंच्या पुडिंगमधलं नाणं धाकट्या मुलाला मिळालं. तो घरी आला होता.

७ जानेवारी २०२५

इथिओपियाचं पान आज पुरं झालं, कारण त्यांचं नाताळ, गेना, आज आहे. त्यांचं उत्तर आजवर मुद्दाम थांबवलं होतं. ४३ दिवस मांस, अंडी, दूध, लोणी काही नाही. रात्रभर प्रार्थना आणि मग पहाटे उपास सुटतो. डोरो वॅट, म्हणजे कोंबडीचा रस्सा, कालपासूनच चुलीवर. आधी ढीगभर कांदा कुठल्याही तेलाविना मंद आचेवर परतत बसायचं, पाणी सुटून आटून तो गोळा होईपर्यंत. मग मसाला घातलेलं तूप, बेरबेरेची लाल पूड, मग कोंबडी, रीतीप्रमाणे बारा तुकडे, शेवटी उकडलेली अंडी. खाली इंजेरा, आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, सगळ्यांसाठी एकच परात. घरातली मोठी बाई पहिला घास आपल्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घालते. चार वाजताच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर : चार वाजता, पहाटे, कांदा झाला होता आणि आई उभ्या उभ्या डुलक्या घेत होती.

ताईचं पाकीट आलं. आत कार्डाची रंगीत प्रत. मूळ कार्डावर तिनं काही लिहिलं नाही, तशी तिची हिंमतच झाली नाही. थोरल्या मुलीनं त्याच मापाचं दुसरं कार्ड कापलं, आजीच्या कार्डामागे ठेवायला, आणि त्यावर पोलिश व मराठी दोन्हींत लिहिलंय : एक किलो बीट, दीड लिटर पाणी, दीड चमचा मीठ, लसूण पाच. बशीनं दाबून. जिन्याखाली. सहा दिवस.